वाट कोणी पाडली?

सोलापूर जिल्ह्यात डोंगर नाहीत, असं सोलापूरकरही सहज म्हणून जातात. शहरातून पाहिलं तर ते खरं वाटतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर वसलेलं, आणि वेशीबाहेर पडलं की क्षितिजापर्यंत ज्वारी, तूर, ऊस आणि मोकळा माळ. पण जिल्ह्याच्या कडा बघाव्यात. ईशान्येला बार्शी तालुक्याला लागून बालाघाटची रांग आहे. पश्चिमेला माळशिरसच्या हद्दीवर शंभू महादेवाची रांग एकदम उभी राहते. नैर्ऋत्येला सांगोल्यापलीकडे माणदेशातले उघडे डोंगर सुरू होतात. मधला सगळा मुलूख भीमा, सीना, नीरा आणि माण या नद्यांनी सावकाश उतरता केलेला. डोंगर आहेत ते काठाला आहेत, आणि धावणाऱ्याला तेवढे पुरतात.

हे डोंगर चढायला आखूड आणि माथ्यावर सपाट. त्याचं कारण दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. एखाद्या थराचा काळा दगड घट्ट असतो, तो कड्यासारखा टिकून राहतो. त्याखालचा थर सच्छिद्र आणि मऊ, तो झिजून त्याचा उतार होतो. म्हणून इथल्या डोंगराची बाजू टप्प्याटप्प्याने वर जाते. थोडा खडा चढ, मग सपाट पट्टी, पुन्हा चढ. धावताना या सपाट पट्ट्यांवर श्वास जुळवून घेता येतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हे सुख नाही. तिथे झाडी दाट, पाऊस प्रचंड आणि चढ लांबलचक. इथे झाडी विरळ असल्यामुळे पुढची वाट खूप आधी दिसते. कुठे जोर लावायचा आणि कुठे राखून ठेवायचा, हे डोळ्यांनी ठरवता येतं.

कच्च्या वाटेवरून धावण्याच्या या प्रकाराला धावणारे ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना २०१३ साली स्थापन झाली. तिच्या व्याख्येचा गाभा साधा आहे : वाट निसर्गातली हवी, आणि डांबरी किंवा फरसबंद भाग एकूण अंतराच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. महाराष्ट्रात ही ओढ गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढली. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. ती रस्त्यावरची, पण घाट चढायला लावणारी. पुढे सिंहगड-राजगड-तोरणा या गडवाटेवर अल्ट्रा शर्यत होऊ लागली. सोलापूरच्या डोंगरांचं नाव या यादीत अजून ठळक नाही. तरीही या वाटांवर माणसं शतकानुशतकं चालत आणि धावत आली आहेत, तीही छातीवर क्रमांक न लावता.

या प्रकरणात मला एकच गोष्ट सांगायची आहे. डोंगरात वाट दिसली की ती किती लांब, किती खडी हे विचारण्याआधी ती कोणी पाडली ते विचारावं. मेंढरांनी पाडलेली वाट वेगळी, भाविकांनी पाडलेली वेगळी, बैलगाडीची वेगळी आणि पाटबंधारे खात्याची आणखी वेगळी. ती कशी धावायची, हे पाडणाऱ्याच्या गरजेवरून बरंचसं आधीच ठरलेलं असतं.

मेंढरांच्या वाटेपासून सुरुवात करू. सांगोला, माळशिरस, त्याला लागून आटपाडी, जत, माण हा सगळा धनगरांचा मुलूख. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी याच माणदेशातल्या धनगरवाडीची. जतकडची माडग्याळ मेंढी तर उंच पायांसाठी ओळखली जाते. मेंढरू चरत चरत पुढे सरकतं. त्याला डोंगर ओलांडायची घाई नसते, त्यामुळे ते चढ अंगावर घेत नाही. डोंगराच्या पोटाला वळसा घालत, एकाच उंचीवरून ते जात राहतं. शेकडो खुरांनी वर्षानुवर्षं एकच रेघ तुडवली की वीतभर रुंदीची वाट तयार होते. तिच्या वर-खाली थोड्या अंतरावर तशाच आणखी वाटा असतात. पावसाळ्यानंतर उन्हं तिरपी झाली की एखाद्या डोंगराच्या अंगावर अशा पाच-सात समांतर रेघा स्पष्ट दिसतात.

धावायला शिकायचं असेल तर माझ्या मते याहून चांगली वाट नाही. चढ बेताचा, दम लागत नाही, लक्ष पावलांकडे देता येतं. मात्र ही वाट एका अंगाला कललेली असते. डोंगर उजव्या हाताला असेल तर उजवा पाय सतत थोडा उंचावर पडतो, डावा खाली. असं लांबवर धावलं की खालच्या बाजूच्या घोट्यावर आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगावर ताण येतो. उपाय मेंढपाळांच्या दिनक्रमातच आहे. सकाळी ज्या अंगाने गेलात, त्याच अंगाने परत या, म्हणजे कल उलटतो आणि भार वाटला जातो. गोल फेरी मारण्याचा मोह नव्या माणसाला फार होतो. मेंढवाटेवर मात्र जाऊन-येऊनच धावावं.

अलीकडे या डोंगरांवर मेंढवाटेसारख्याच, पण सरळ आखलेल्या नव्या रेघा उमटल्या आहेत. ते सलग समतल चर आहेत. दुष्काळी तालुक्यांत पाणलोटाची कामं पूर्वीपासून चालू होती. २०१६ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत सोलापूर जिल्ह्यातल्या गावांनीही श्रमदानाने असे चर खणले. पावसाचं पाणी डोंगरावर अडावं म्हणून खणलेला चर आणि त्याच्या खालच्या बाजूला मातीचा भराव, अशी त्याची रचना. भरावावरून धावता येतं असं दिसतं, आणि मोहही होतो. तो टाळावा. गावाने घाम गाळून घातलेला मातीचा बांध बुटांनी ढासळवण्याचा हक्क आपल्याला नाही. चर आडवा लागला तर उडी मारून पलीकडे जावं, बांधावर पाय देऊ नये.

आता दुसऱ्या टोकाची वाट, मुंगी घाटाची. शिखर शिंगणापूर हे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, सुमारे हजार मीटर उंचीवर. माथ्यावर शंभू महादेवाचं देऊळ, जवळ मालोजीराजे भोसल्यांनी बांधलेला तलाव. नातेपुत्याकडून वर जायला आता घाटरस्ता आहे. जुनी चढाईची वाट मात्र माळशिरस तालुक्यातल्या कोथळे गावाच्या बाजूने उभी वर जाते. तोच मुंगी घाट. चैत्रात शिंगणापूरची यात्रा भरते, गावोगावच्या कावडी पाणी घेऊन येतात आणि या घाटाने वर चढवल्या जातात. त्यात सासवडची भुतोजी तेल्याची कावड मानाची. चैत्र शुद्ध द्वादशीला ती घाटाच्या पायथ्याशी येते. तांब्याचे जड रांजण, उंच ध्वज, आणि पुढे पाऊल ठेवायलाही कठीण असा दगडधोंड्यांचा चढ. माणसं एकमेकांना धरून साखळी करतात. वरचा खालच्याला ओढतो, खालचा वरच्याला आधार देतो, आणि ‘हर हर महादेव’च्या गजरात कावड टप्प्याटप्प्याने माथ्यावर पोहोचते. मी पाहिलेल्या सगळ्या डोंगरी चढायांत एवढी शिस्तबद्ध चढाई दुसरी नाही. कोण कुठे उभं राहणार, कुठे थांबणार, कावडीचा तोल कोण सांभाळणार, हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगात असतं.

भाविकांची वाट अशी सरळ वर का जाते? कारण देव माथ्यावर आहे आणि वर्षातून एकदाच जायचं आहे. त्या एका दिवशी अंगातली सगळी ताकद लावायची, असा हा हिशेब. रोजच्या वापराची वाट असती तर तिने केव्हाच वळसे घेतले असते.

अशा चढावर धावण्याचा हट्ट धरू नये, याला शास्त्राचाही आधार आहे. इटालियन संशोधक आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली डोंगरी शर्यती धावणाऱ्या खेळाडूंना वेगवेगळ्या उतारांच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून आणि पळवून त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च मोजला. सपाटीवर एक मीटर धावायला शरीराच्या दर किलोमागे साधारण ३.४ ज्यूल लागतात. शंभर मीटर पुढे जाताना पंचेचाळीस मीटर वर, अशा चढावर धावायला १८.९ ज्यूल लागतात, म्हणजे साडेपाच पट. त्याच चढावर चालायला १७.३ ज्यूल. फरक थोडा असला तरी चालणं स्वस्त पडतं, आणि हृदयावरचा ताणही आवाक्यात राहतो. म्हणूनच जगभरच्या डोंगरी शर्यतींत पहिल्या क्रमांकाचे धावपटूही खड्या चढावर गुडघ्यांवर हात रोवून, वाकून, लांब ढांगा टाकत चालतात. घाटात पाठीवर ओझं घेतलेले लोक चढताना असेच वाकतात. मुंगी घाटात धावायची जागा माथ्यावरच्या सपाटीला आहे. चढ चालून काढावा.

उतरण्याचं गणित वेगळं. त्याच अभ्यासात हलक्या उतारावर धावण्याचा खर्च सपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो असं दिसलं. त्यामुळे उतार फुकटचा वाटतो. पण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना आखडण्याऐवजी ताणत ताणत शरीराचं वजन धरून ठेवावं लागतं, आणि या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती त्या दिवशी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. दिलासा असा की, एकदा बेताने उतरून ही इजा सोसली की पुढचे काही आठवडे तेच काम स्नायू बऱ्याच कमी त्रासात करतात. म्हणून मोठ्या उताराच्या वाटेवर जाण्याआधी दोन-तीन आठवडे छोट्या टेकडीवर उतरण्याचा सराव करावा. उतरताना पावलं आखूड टाकावीत, टाच पुढे रोवू नये, नजर दहा-बारा फूट पुढे ठेवावी. मुंगी घाटात तर धावत उतरूच नये. तिथला दगड सुटा आहे, आणि खाली कोणी चढत असेल तर घरंगळलेला धोंडा त्याच्याकडे जातो. यात्रेच्या दिवसांत ही वाट कावडींची आहे. तेव्हा खेळासाठी तिकडे जाणं मला अनुचित वाटतं.

बालाघाटच्या कडेला तुळजापूर आहे. आता ते धाराशिव जिल्ह्यात, पण सोलापूरच्या पायांना त्याची वाट पाठ आहे. सोलापुरातून रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघायचं, उळे, कासेगाव, तामलवाडी, सांगवी, माळुंब्रा करत साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर आई भवानीच्या पायाशी. दसऱ्यानंतर देवी श्रमनिद्रा घेते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या कोजागिरीच्या यात्रेला सोलापूर आणि कर्नाटकातून लाखो माणसं रात्रभर चालत तुळजापूर गाठतात. रस्ता वाहनांना बंद ठेवतात. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, पहिल्यांदाच एवढं अंतर काढणारी कॉलेजची पोरं. मॅरेथॉनचं अंतर बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर. त्याहून मोठी मजल ही माणसं एका रात्रीत चालतात आणि त्याला पराक्रम म्हणत नाहीत.

धावणारे दिसतात ते त्याआधी, घटस्थापनेच्या तोंडावर. गावोगावच्या नवरात्र मंडळांची पोरं तुळजापुरात येतात, देवीच्या दारात ज्योत पेटवून घेतात आणि ती हातात धरून गावापर्यंत धावत नेतात. सोलापूर, धाराशिव, लातूर जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडून अशी मंडळं येतात. पुढे ज्योतवाला, मागे टेम्पो, त्यात झेंडा, तेल आणि दमलेली पोरं. एकजण काही अंतर जीव खाऊन पळतो, दमला की ज्योत पुढच्याच्या हातात, तो पळतो, पहिला टेम्पोत बसतो. पुष्कळजण अनवाणी. ‘आई राजा उदो उदो’ चालूच.

एखाद्या प्रशिक्षकाने हा प्रकार पाहिला तर तो त्यात ओळखीची पद्धत शोधेल. थोडं अंतर वेगाने, मग विश्रांती, पुन्हा वेगाने. दम वाढवण्यासाठी जगभर हाच सराव करून घेतात. मंडळातल्या पोरांना तो एका रात्रीत घडतो. फक्त वर्षभर काहीच न करता एकदम त्या रात्री पळायचं, यात पोटऱ्या आणि टाचांचं नुकसान आहे. श्रावणापासून आठवड्यातून तीन दिवस माळावर पळण्याची सवय मंडळांनी लावली, तर ज्योत जास्त सुखरूप गावी पोहोचेल. मंडळाच्या अध्यक्षांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी खरीच विनंती आहे.

तुळजापूरच्या वाटेची मेख शेवटी आहे. सोलापूर ते माळुंब्रा चढ असा जाणवतच नाही. मग एकदम बालाघाटची कड येते आणि घाट लागतो. पंचेचाळीसपैकी चाळीस किलोमीटर झालेले असतात, अंगातली साखर संपत आलेली असते, आणि तेव्हाच चढ समोर येतो. म्हणून तयारी करताना ताज्या पायांनी घाट चढण्याचा फार उपयोग नाही. आधी सपाटीवर तास-दीड तास धावून मग चढ घ्यावा, तेव्हा पायांना त्याची खरी ओळख होते. हमरस्ता टाळायचा असेल तर या पट्ट्यात गावागावांना जोडणाऱ्या गाडीवाटा आहेत. दोन्हीकडे बांध, बोरी-बाभळी, मधून दोन चाकोऱ्या. उन्हाळ्यात त्यांची माती भुकटीसारखी उडते, पाय टाकला की आत जातो. पावसाळ्यात तिथे जाऊच नये, त्याचं कारण पुढे येईल.

बालाघाटचं दुसरं दार बार्शीकडून. बार्शीहून कुसळंब, पांगरी करत येडशीला गेलं की रामलिंगची घळ लागते. झाडीत दडलेलं देऊळ, पावसाळ्यात धबधबा, माकडांचा राबता. हा भाग १९९७ पासून येडशी रामलिंगघाट अभयारण्य आहे. क्षेत्र बावीस चौरस किलोमीटरच्या आसपास, छोटंच. सोलापूरच्या उघड्या माळावरून आलेल्याला इथली सावली फार मोठी वाटते. धावायचं तर आधी वनखात्याची परवानगी घ्यावी, ठरलेल्या वाटेवरच राहावं, उजेडात जावं आणि उजेडातच परतावं.

वारीतली धाव इथे सांगितली पाहिजे, थोडक्यात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते. पुढे सदाशिवनगरजवळ, खुडूसला, ठाकूरबुवांच्या समाधीपाशी रिंगणं होतात. माउलींचा अश्व दौडतो आणि त्याच्या मागे टाळकरी, पखवाजी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, पताकाधारी फेर धरून पळतात. वेळापूरच्या अलीकडे धावाबावीचा माथा आहे. तिथून पंढरीचा कळस दिसला आणि संत धावत सुटले, अशी श्रद्धा. वारकरी त्या उतारावरून अजूनही धावतात. तुकोबांच्या पालखीचा धावा तोंडले-बोंडल्याला होतो. दोन-अडीच आठवडे चाललेले पाय, वयाची साठी-सत्तरी, अंगावर पडशी, आणि तरी धाव. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं, त्यात चालणाऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट योजलेली आहे. रस्ता गुळगुळीत झाला तरी उतारावरच्या त्या धावेचा उगम रस्त्यात नाही, त्यामुळे ती टिकेल असं मला वाटतं.

आता माती. सोलापुरात धावणाऱ्याला आकाशाइतकंच जमिनीकडे बघावं लागतं. वर मुरूम आणि बरड, खाली काळी. मुरमाड माळावर पाऊस पडून गेला की तासाभरात पाणी मुरतं आणि पाय ठेवायला जमीन तयार. काळ्या रानात एक सर आली की बुटाला चिखलाचे गोळे चिकटतात, प्रत्येक पावलाला ते वाढतात आणि शंभर पावलांत पाय उचलवेनासा होतो. उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात. त्यात पाऊल अडकून घोटा मुरगळतो. यावरून वर्षाचं वेळापत्रक आपोआप जमतं. जुलै ते सप्टेंबर माळ आणि डोंगराची धार. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस उघडला की रब्बीच्या पेरण्या आटोपलेल्या असतात, तेव्हापासून गाडीवाटा आणि पांदणी. डिसेंबर-जानेवारीत दोन्हीकडे पुरुषभर उंचीची मालदांडी ज्वारी उभी असते, कणसं भरलेली असतात. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं हे वाण याच कोरड्या, काळ्या जमिनीवर पोसलं गेलं. त्या दिवसांत पहाटेची धाव संपवून कोणाच्या वस्तीवर हुरड्याला थांबणं, हे या भागातलं खास सुख. मार्चनंतर सकाळी आठच्या आत घरी.

काटे बारा महिने आहेत. सराटा जमिनीलगत पसरतो आणि त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो. बाभळीचा काटा पातळ तळव्याच्या बुटातून सरळ आत येतो. वेडी बाभूळ त्याहून वाईट, कारण तिचा काटा मोडून आत राहतो. पावसाळा संपताना कुसळी गवताची कुसळं मोज्यात शिरतात आणि आत आत जात राहतात. इथले मेंढपाळ टायरच्या जाड तळाच्या वहाणा वापरतात. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. महागड्या, हलक्या, मऊ तळव्याच्या बुटांपेक्षा जाड आणि कडक तळाचा साधा बूट इथे जास्त चालतो. खिशात चिमटा असावाच.

माळावर आपण एकटे नसतो. सोलापूरच्या उत्तरेला नान्नज आणि परिसरातला गवताळ माळ १९७९ साली माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेव्हा त्याची हद्द जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होती, पुढे ती बाराशेच्या घरात आणली गेली. आज तिथे माळढोक दिसणं जवळपास संपलं आहे, ही या जिल्ह्याची मोठी हानी. पण काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे. टिटवी, चंडोल आणि धाविक उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालतात. ती शेजारून जातानाही दिसत नाहीत. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वाट सोडून गवतातून धावणं म्हणजे न कळत ही अंडी चिरडणं. अभयारण्याच्या राखीव कुरणात परवानगीशिवाय पाऊल ठेवू नये. बाहेरच्या माळावरही मळलेली वाट सोडू नये.

लांडगा माणसाला पाहून निघून जातो. जपायचं ते मेंढपाळांच्या कुत्र्यांपासून. पळणारी कोणतीही गोष्ट म्हणजे कळपावरचा हल्ला, असं ते समजतात, आणि त्यांचं काम तेच आहे. कळप दिसला की लांबूनच धावणं थांबवावं, चालावं, मेंढक्याला हाक द्यावी. त्याने कुत्र्यांना आवरलं की पुढे जावं. घोणस आणि फुरसं खडकांच्या सपाटीवर ऊब घेत पडलेली असतात. पहाटे अंधारात धावताना डोक्याला बॅटरी हवीच.

पाटबंधाऱ्याच्या वाटेचं एवढंच सांगतो. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचे कालवे माढा, पंढरपूर, मोहोळ करत मैलोन्‌मैल गेले. कालव्याकडेचा मातीचा रस्ता जवळजवळ सपाट, कारण पाणी हळूहळू उतरवायचं असतं. लांब अंतराचा एकसुरी सराव तिथे उत्तम होतो. आवर्तन चालू असताना मात्र तोंड धुवायलासुद्धा कालव्यात उतरू नये. काँक्रीटचा तिरपा काठ शेवाळलेला असतो, आणि घसरलेल्याला पकडायला काहीच नसतं.

ऊन हा इथला खरा चढ. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. वाढत्या उन्हाशी शरीर जुळवून घेऊ शकतं, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, पण त्याला दहा-पंधरा दिवस रोजचा थोडा थोडा सराव लागतो. पुण्याहून शनिवारी येऊन रविवारी मार्चच्या उन्हात वीस किलोमीटर धावणं धोक्याचं, ते याचमुळे. नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नव्हे. घामावाटे मीठ जातं, आणि रक्तातलं मीठ फार पातळ झालं तर चक्कर, मळमळ, क्वचित बेशुद्धीही येते. लिंबू-साखर-मिठाचं पाणी किंवा मीठ घातलेलं ताक पुरेसं आहे. खायला सोलापुरात शोधाशोध करायची गरज नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठपिशवीत दिवसभर टिकते, मोडली तरी बिघडत नाही. सोबत गुळाचा खडा.

या कोरड्या डोंगरांच्या आसपास भारताचे दोन मोठे धावपटू जन्मले. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. ट्रॅकवरच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी भारतीय धावपटू १९८४ मधल्या पी. टी. उषानंतर तीच पहिली. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, बालाघाटच्या मुलखातला. शाळा सहा किलोमीटरवर, वाहन नाही, मग पायी नाहीतर पळत. २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण, जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद. दोघांचाही प्रकार स्टीपलचेस. अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. मूळचा हा खेळच रानातला, बांध आणि ओढे ओलांडत गाव गाठण्याचा. डोंगरामुळे धावपटू घडतो असं म्हणणं धाडसाचं ठरेल, त्यामागे सैन्यातलं आणि शिबिरांतलं प्रशिक्षण आहे, अपार कष्ट आहेत. पण मोही आणि मांडवा ज्या पट्ट्यात आहेत, तिथल्या शाळकरी पोरांना आजही शाळेची वाट पायाखालचीच आहे. त्यांच्यासाठी कोणी मैदान आखलं, एक शिट्टी आणि एक घड्याळ घेऊन आठवड्यातून दोनदा कोणी उभं राहिलं, तर फार खर्च येणार नाही.

वाट निवडताना मोबाइलवरचा उपग्रहाचा नकाशा उपयोगी आहे, पण त्यावर दिसणारी रेघ यंदा चालू आहे की नाही हे त्याला कळत नाही. शेतकऱ्याने बांधावर काटेरी कुंपण घातलेलं असतं, पांदण अतिक्रमणात गेलेली असते, नाहीतर ओढ्याने काठ खाल्लेला असतो. गावात विचारायचं तर चौकातल्या तरुणापेक्षा मेंढक्याला किंवा पोस्टमनला विचारावं. ‘दादा, ह्या डोंगरानं पलीकडं उतरता येतं का?’ असं विचारलं की तो आधी तुमच्या पायांकडे बघतो, मग सांगतो. एखाद्याच्या रानातून जायचं असेल तर घरी जाऊन सांगावं, पीक उभं असेल तर बांधानेच जावं, गेट उघडलं तर लावून घ्यावं. आणि दरवर्षी पहिला मोठा पाऊस झाला की आपली ठरलेली वाट एकदा सावकाश चालून बघावी, कारण मुरमाच्या उतारावर पाणी दर साली नवी घळ पाडतं आणि मेंढरं तिला वळसा घालून नवी रेघ उमटवतात.